साडेआठशे अंश

धवलने तार हातात घेतली, तिची वेटोळी उलगडली, टोकाचं कापडी आवरण अंगठ्याच्या नखाने जरासं मागे सारलं आणि म्हणाला, "बाबा, ही जे टाइप आहे." मग मीटर उपडा करून, खिशातल्या किल्लीच्या टोकाने मागचं झाकण काढून आत पाहिलं. "आणि हा के वर सेट आहे." एवढं बोलून त्याने दोन्ही वस्तू टेबलावर, माझ्या वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि उरलेला चहा उभ्यानेच संपवला. रंगारी येणार म्हणून अस्मिता, माझी सून, माळा रिकामा करत होती. पुराच्या वेळी खालचं सगळं गेलं, माळ्यावरचं राहिलं. त्या राहिलेल्यातच ही तार आणि हा मीटर ठेवलेलं खोकं होतं. मी विचारलं, "म्हणजे काय होतं?" धवल औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात असलीच उपकरणं सांभाळतो. त्याला हा प्रश्न म्हणजे त्याने मला 'अ' कसा काढायचा हे विचारण्यासारखं. "काय होणार? दोन धातूंच्या तारांची जोडी असते. टोक तापलं की किंचित वीज निघते. मीटर त्या विजेवरून तापमान काढतो. पण जोडी कुठली हे त्याला आधी सांगावं लागतं ना? इथे जोडी एक आणि मीटर समजतोय दुसरीच. साडेसहाशेला साडेआठशेच्या वर दाखवेल." मी म्हणालो, "नक्की?" तो हसला. "अहो, कॉमन मिस्टेक आहे. आमच्याकडे नवीन पोरं महिन्यातून एकदा करतातच." बाहेर कंपनीची बस वाजली. जिना उतरता उतरता तो ओरडला, "अस्मिता, ते भंगारात टाक गं." आणि मी दोन्ही हात त्या वस्तूंवर ठेवले, लहान मूल आपल्या ताटावर ठेवतं तसे.

मी त्यानंतर बराच वेळ तिथेच बसलो होतो. भीती वाटली की मला छातीत थंड वाटतं. तसं वाटत होतं. पण भीती पुढच्या गोष्टीची असते आणि ही गोष्ट बारा वर्षांपूर्वी होऊन गेलेली. तारेच्या आवरणाखाली दोन धागे होते, एक पांढरा, एक लाल. हिच्या आधी होती त्या तारेचे, मला आता स्पष्ट आठवलं, पिवळा आणि लाल होते. मी दोन्ही पाहिले होते. दोन्ही माझ्या हातांनी जोडले होते. पांढरा रंग पाहून मनात काही हललं होतं का? हे मी आज ठरवू शकत नाही. आठवणीवर इतक्या उशिरा बोट ठेवलं की ती हवं तसं उत्तर देते. मला आयुष्यभर स्वतःची शंका येत आली. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिलं की पुन्हा पुसून लिहायचो. मुलं मागून हसायची. पत्र पेटीत टाकल्यावर पत्ता बरोबर होता का या विचाराने रात्र जायची. सरोज म्हणते, लग्नाच्या वेळी सुद्धा तुम्ही भटजींना दोनदा विचारलंत, हीच का म्हणून. असा मी. आणि आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, मी स्वतःवर शंका न घेता दुसऱ्यावर घेतली. त्या दुसऱ्याचं नाव येसाजी.

पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला खडपकोंड म्हणून वाडी आहे. तीसेक घरं. नदी खाली, वाडी वर. मध्ये दोनशे फुटांची उभी चढण. बायका दिवसातून चार वेळा हंडे घेऊन ती चढायच्या. पुण्याच्या एका संस्थेने तिथे लाकडापासून गॅस करायचं यंत्र बसवायचं ठरवलं. लाकूड नुसतं जाळायचं नाही, कमी हवेत कोंडून तापवायचं, की त्यातून जळणारा वायू निघतो. त्या वायूवर इंजिन चालतं, इंजिनावर पंप, पंपावर पाणी. कागदावर हे फार सुंदर दिसतं. अडचण एकच, डांबर. लाकडाच्या वायूबरोबर डांबराची वाफ येते. ती इंजिनात गार झाली की झडपा चिकटतात, आणि इंजिन एखाद्या हट्टी जनावरासारखं बसतं ते उठत नाही. त्या डांबराचे तुकडे करायला, त्याचाच पुन्हा गॅस करायला उत्प्रेरक लागतो. परदेशात त्याला महाग धातू वापरतात. मी महाडच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मला वाटलं होतं, की आपला जांभा दगड, ज्यात लोखंड ठासून भरलेलं आहे, तो भाजून वापरला तर? आणि त्यात शिंपल्यांचा चुना? तुडीलला नदीकाठी मी पोती भरभरून शिंपल्या गोळा केल्या. गुडघाभर चिखलात उभा असलेला प्राध्यापक बघायला मुलं जमायची. मी खाली मान घालून वेचत राहायचो. प्रयोगशाळेत ते चाललं. साडेआठशे अंशांना जांभ्याच्या खड्यांमधून काळपट पिवळा, डोळे झोंबवणारा वायू आत जायचा आणि पलीकडून जवळजवळ बिनवासाचा यायचा. पांढऱ्या कापसावर डाग पडायचा नाही. तो कापूस मी घरी आणून सरोजला दाखवला होता. ती म्हणाली, "बरा आहे. वाती वळू का?"

साडेआठशे. सगळं त्या आकड्यावर होतं. त्याच्या खाली गेलं की डांबर तुटत नाही, उलट खड्यांवर त्याचा काजळीचा लेप बसतो आणि खडे मरतात. पुस्तकात उत्प्रेरकाची व्याख्या देतात, की तो बदल घडवतो पण स्वतः बदलत नाही. मी ती तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. खडपकोंडला खड्यांची टाकी उघडली तेव्हा तांबडे खडे कोळशासारखे काळे झालेले होते आणि बोटांनी दाबले की त्यांचं पीठ होत होतं.

येसाजी त्या वाडीतले शेतकरी. थोडी भातशेती, पण सगळा तालुका त्यांना ओळखायचा तो भट्टीसाठी. विटांची भट्टी लागली की मालक त्यांना न्यायला माणूस पाठवायचे. भट्टीच्या भोकातून एकदा आत बघायचं आणि सांगायचं, अजून रात्रभर, किंवा आता बंद करा. इतकंच त्यांचं काम. त्यांनी बंद करा म्हटल्यावर कुणी लाकडाचा एक फाटा जास्त टाकत नसे. यंत्राच्या शेडला जागा त्यांनी दिली, वाडीला तयार त्यांनी केलं आणि ते चालवायचं कामही गावकीने, म्हणजे वाडीच्या बैठकीने, त्यांच्याकडेच दिलं. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "बनू, सर आलं गो. लाजतात ते, जास्त बोलू नको त्यांच्याशी." बनुबाई आतून म्हणाल्या, "मग तुमी तरी कुटं गप बसताय?" मला त्या घरात कधी अवघडल्यासारखं वाटलं नाही. हे मी फार थोड्या घरांबद्दल म्हणू शकतो. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, आणि समोरचा माणूस आपण बोलावं म्हणून वाट बघत नाही.

पहिले आठ दिवस यंत्र चाललं. पाणी वर आलं. पाण्याच्या टाकीच्या नळाखाली बायकांनी हंडे लावले आणि सगळ्या नुसता आवाज ऐकत होत्या. बनुबाईंनी ओंजळ भरून पाणी नळाच्याच पायावर ओतलं, हळदकुंकू लावलं. नवव्या दिवशी उंदराने तापमानाची तार कुरतडली. मी मुंबईला जाऊन नवी आणली. दुकानात मी म्हणालो, भट्टीची तार द्या, हजार अंशांपर्यंत चालणारी. त्याने दिली. तो काहीतरी विचारत होता, कुठला मीटर आहे असंच बहुधा, पण माझ्या मागे दोन माणसं उभी होती आणि त्यातला एक घड्याळ बघत होता. मला दुकानात प्रश्नोत्तरं करायची लाज वाटते. मागच्यांचा वेळ जातो. मी म्हणालो, "चालेल, हीच द्या." मी हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, कारण आजपर्यंत ते सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दोन अनोळखी माणसांचं अर्धं मिनिट वाचावं म्हणून.

नवी तार जोडल्यावर मीटर व्यवस्थित चालू झाला. लाल आकडे, आठशे अठ्ठेचाळीस, आठशे बावन्न. येसाजींना मी सांगून ठेवलं होतं, की हवेच्या चावीने आकडा साडेआठशेवर धरायचा, वर गेला की चावी कमी करायची. ते धरायचे. माणूस दूध तापत ठेवून बसतो तसे मीटरसमोर बसून असायचे. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी यंत्राच्या भोकातून आत पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, ही थंड हाय." मी मीटर दाखवला. "ता दिसतंय मला. पण रंग बघा. पिकल्या रातांब्याचा रंग हाय हा. पिकल्या सुपारीवाणी दिसाया पायजे. पयल्या आठ दिसांत व्हता तसा." मी भोकातून पाहिलं. मला लाल दिसलं. गडद लाल रातांबा आणि नारिंगी सुपारी यांच्यातला फरक मला त्या काळोख्या भोकात दिसला नाही. किंवा दिसला आणि मी मीटरकडे बघितलं. चार दिवसांनी ते पुन्हा म्हणाले, "चावी थोडी सोडू का? आकडा वर गेला तर जाऊ द्या एकडाव." मी म्हणालो, खड्यांच्या टाकीचा पत्रा जळेल. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या वेळी पुण्याची माणसं आलेली होती. तोवर इंजिन दोनदा अडकलेलं, झडपांवर काळा चिकट थर, शेडमध्ये तो वास, जो कपड्यांतून आठवडाभर जात नाही. माणसं वह्या घेऊन उभी. येसाजी पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, येकदा हा काटा तपासून बघाल का? भट्टी थंड हाय." पुण्याच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या लोकांसमोर माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की माझे कान तापतात, मला काही ऐकू येत नाही. मी म्हणालो, "येसाजी, आकडा खोटं बोलत नाही." मला आठवतं, की हे वाक्य मी फार चांगलं बोललो. न अडखळता. पुण्याच्या साहेबांनी मान डोलावली, आणि मला त्याचा आनंद झाला.

अहवाल मीच लिहिला. त्याची स्थळप्रत मी ठेवली आहे. तीही त्याच खोक्यात होती. "चालकाने भट्टीचे तापमान सातत्याने राखले नाही व ओले सरपण वापरले असावे." असावे. हा शब्द लिहिताना मला वाटलं होतं की मी सौम्य होतो आहे. दुपारी, घरी कुणी नसताना, मी ती प्रत आणि रोजच्या नोंदींची वही शेजारी शेजारी ठेवली. नवी तार जोडली तारीख अकरा. डांबर दिसू लागलं तारीख तेरा. दोन्ही तारखा माझ्या अक्षरात, एकाच पानावर, मध्ये तीन ओळी. पान मी किती वेळा वाचलं असेन? निवृत्तीनंतर दोनदा तरी, स्वतःच्या अपयशाची चव घेण्यासाठी. मला ती सवय आहे. मी जांभ्याला दोष दिला, चुन्याला दिला, माझ्या बुद्धीला दिला, आपण लहान गावातले मास्तर, आपण हे करायला जायलाच नको होतं असं म्हणून घेतलं. इतकं स्वतःला खालचं म्हणून घेतलं, पण त्या तीन ओळींमधून कधी नजर नेली नाही. हा माझा नम्रपणा. त्याच्याखाली येसाजी दबलेले होते.

पुढचं मला ऐकून ठाऊक होतं. संस्थेने माझा मीटर आणि तार सोडून सगळं यंत्र काढून नेलं. गावकी बसली, बैठकीचे प्रमुख कुशाबा गावकर यांनी अहवाल मोठ्याने वाचून दाखवला, आणि येसाजींना विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, "लिव्हलंय तर असंल." त्यांनी देवापुढे नारळ ठेवून माफी मागितली. वर्षभराने मला पोलादपूरच्या स्टँडवर कुशाबा भेटले तेव्हा त्यांनीच सांगितलं, की येसाजी आता भट्टीवर जात नाहीत. ज्याला ओलं लाकूड कळत नाही त्याला कशाला बोलवा, असं कुणीतरी मालक बोलला आणि ते बोलणं फिरलं. मुलगा साहिल नालासोपाऱ्याला गेला. मी तेव्हा वाईट वाटल्याचं दाखवलं. वाटलंही. पण आत कुठेतरी, हे मला आज लिहायलाच हवं, थोडं हायसं वाटलं होतं, की चूक कुणाची हे आता ठरलेलं आहे.

संध्याकाळी धवलने तक्ता काढून फोनवर दाखवला. "मीटरवर साडेआठशे म्हणजे खरे सहाशे सदतीस. पण बाबा, तुम्ही इतकं का मनावर घेताय? बारा वर्षं झाली. माणसं विसरली असतील." सरोज स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. हात पुसत बाहेर आली. "जायचंय का तिकडे?"

"जायला हवं असं वाटतं."

"कुणासाठी? त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

मी फोन धवलकडे परत सरकवला. ती म्हणाली, "पत्र लिहा. तुम्हाला लिहिता बरं येतं."

मी तीन पत्रं लिहिली. तिन्ही चांगली उतरली. वाक्यं नीट होती, दिलगिरी योग्य जागी होती, तारेचं स्पष्टीकरण कुणालाही कळेल असं होतं. तिसरं वाचताना लक्षात आलं, की हाही एक अहवालच आहे आणि येसाजींना वाचता येत नाही. कुणीतरी पुन्हा मोठ्याने वाचून दाखवणार. मी ती फाडली.

पोलादपूरपर्यंत एसटीने गेलो, पुढे मिनीडोर रिक्षाने. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, भातं झोडून झाली होती, खाचरांत नुसते खुंट. मिनीडोरमध्ये माझ्या मांडीशी कुणाचीतरी खताची गोणी होती. काय बोलायचं ते मी मनात लावत होतो आणि प्रत्येक वळणावर पहिलं वाक्य बदलत होतो. 'येसाजी, माझी चूक झाली.' हे फार नाटकी वाटलं. 'येसाजी, एक गोष्ट सापडली.' ही पळवाट वाटली. वाटेत चढणीवर दोन बायका हंडे घेऊन वर चाललेल्या दिसल्या. ड्रायव्हर म्हणाला, "नळ टाकलाय सरकारनं, पन पानी कवा येतंय, कवा नाय." मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या मात्र बाजूला सरून, मान वळवता येत नसल्यामुळे नुसते डोळे वळवून, आमच्याकडे बघत होत्या.

येसाजी पडवीत बसून पेरणीसाठी राखलेल्या वालाच्या सुक्या शेंगा सोलत होते. बारीक झाले होते. सदरा दुसऱ्याचा असावा तसा. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. "सर? या. बसा. चालत आलाव का?" त्यांनी सूप बाजूला सरकवून जागा केली. आवाजात काही नव्हतं, राग नव्हता, आनंदही नव्हता. मी बसलो आणि सगळी लावलेली वाक्यं गेली. म्हणालो, "ती तार चुकीची होती, येसाजी. मी आणलेली. मीटर दोनशे अंश जास्त दाखवत होता. भट्टी थंड होती."

ते शेंग सोलत राहिले. दाणे सुपात पडले. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तारंचं नाय ठाऊक. भट्टी थंड व्हती ता ठाऊक व्हतं. बोललो व्हतो की तुमाला."

"तीन वेळा बोललात."

"मोजलंत?" ते किंचित हसले. "मोजायची सवय तुमची."

मी विचारलं, मग गावकीत तसं का नाही म्हणालात? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या मुलाने फारच सोपा प्रश्न विचारावा तसं. "कागदावर तुमची सही व्हती. मी डोल्यानं बगितलेलं, त्याच्यावर सही कुटं करतात? आन तुमी माजे घरचे जेवलेले. चार लोकांत तुमाला खोटा कसा पाडू?" थोड्या वेळाने म्हणाले, "वाटलं, निघंल कवातरी. वरस दोन वरसांत. भट्टीवर नाय गेलो त्याचं काय नाय. डोलं हायत अजून. कुनी बोलावलं असतं तर गेलो असतो."

"मी गावकीत येऊन सांगतो," मी म्हणालो. "कुशाबांना सांगा, बैठक बोलवा."

"गावकीला काय पडलंय आता? निम्मी पोरं मुंबईत. त्यांना मशीन व्हतं हाच ठाऊक नाय." त्यांनी हातातली शेंग न सोलताच ठेवली. "सांगायचं तर तिला सांगा."

मला कळेना. ते घराच्या मागच्या बाजूकडे बघत होते. "तिनं कागदाचं ऐकलं. पंचवीस वरसं माज्या डोल्यावर या घरात भात शिजला, आन कागद आला तवा ती बोलली, लिव्हलंय ता खोटं कसं असंल. बायका तिला बोलायच्या ना, चढनीवर. तुज्या नवऱ्यानं आलेलं पानी घालवलं. रोज. मी काय बोलनार? तवापासून ती माज्याशी कामापुरती बोलते. जेवाया या. बैल सुटला. साहिलचा फोन आला. बारा वरसं." मग त्यांनी हाक मारली, अशी मोठी, की मी दचकलो. "बनू! ये बनू! सर आलं!"

बनुबाई मागून आल्या. डोक्यावरचा पदर मागे सारत त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. येसाजी म्हणाले, "कानानं ऐकू येत नाय तिला आता. मोठ्यानं बोला, सर."

मी उठून अंगणात, त्यांच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "बनुबाई, यंत्र बिघडलं ती चूक माझी होती." त्यांनी येसाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय म्हनतात?" मी पुन्हा म्हणालो. त्यांनी हात कानामागे नेला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज कधी पोचला नाही. मुलं वहीत पुढच्याचं बघून लिहायची. मी श्वास घेतला आणि ओरडलो. "चूक माझी होती! येसाजींची नव्हती! त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं! मी ऐकलं नाही!" समोरच्या पडवीतून एक बाई बाहेर आली. वरच्या घराच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. माझा आवाज फाटला होता आणि मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

बनुबाई दोन पावलं पुढे आल्या. मग हळूच, जणू हिशेब लागत नाही म्हणून विचारावं तसं म्हणाल्या, "म्हंजे पानी आलं असतं?"

या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. सगळ्या रस्त्यात मी येसाजींच्या अब्रूचा विचार करत आलो होतो, माझ्या अपराधाचा करत आलो होतो. पाण्याचा केला नव्हता. चावी जरा जास्त सोडली असती तर. रंग बघून सोडली असती तर. "हो," मी म्हणालो, आणि त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मान हलवली. "आलं असतं."

त्या माझ्यावर चिडतील असं मला वाटलं. मी त्यासाठी उभा राहिलो. पण त्यांनी माझ्याकडे बघणं सोडूनच दिलं. त्या पडवीच्या पायरीशी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमाला ठाऊक व्हतं?"

येसाजींनी होकारार्थी मान डोलावली.

"ठाऊक व्हतं, आन मला नाय सांगितलं? ह्यांना सांगितलं तीनदा. परक्या मानसाला. मला येकदा पन नाय?"

"बनुबाई, त्यांचा दोष नाही," मी मागून ओरडलो; पण आता माझं ओरडणं कुणाला ऐकायचं नव्हतं. येसाजी सुपातल्या दाण्यांकडे बघत होते. मग ते काहीतरी म्हणाले, इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं, बनुबाईंना ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांचे ओठ हलले एवढंच बनुबाईंनी पाहिलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. "काय म्हनतात ते?"

मी येसाजींकडे पाहिलं. ते नाही म्हणतील, हात करतील असं वाटलं. त्यांनी काहीच केलं नाही. मला तिथून जावंसं वाटत होतं, खाली, रस्त्यावर, गोण्यांमध्ये, घरी माझ्या टेबलाशी. समोरच्या पडवीत आता तीन-चार बायका होत्या. मी म्हणालो, जमेल तितक्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, "ते म्हणताहेत, सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास का?"

हे बनुबाईंना पहिल्याच वेळी ऐकू गेलं. त्या पायरीवर बसल्या, नवऱ्यापासून हातभर अंतरावर, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. येसाजींनी मान वर केलेली नव्हती.

"नाय," त्या म्हणाल्या. "नसता ठेवला."

आपण किती मोठ्याने बोललो हे त्यांना कळलं नाही. साऱ्या वाडीने ते ऐकलं.